फरशीखालच्या हीटिंगचे सात झोन ताळ्यावर आणताना

आमच्या घरात भिंतीला लावलेले गरम पाण्याचे रेडिएटर नाहीत. फरशीखाली, कोब्यात पुरलेल्या पाइपांतून कोमट पाणी फिरतं आणि जमीनच खोल्या उबदार ठेवते. घर एकमजली आहे, गरम करायचं क्षेत्र ८९ चौरस मीटर. त्याचे सात झोन, म्हणजे वेगवेगळे तापवता येणारे भाग, पाडलेले: बैठक, स्वयंपाकघर, पॅसेज, अभ्यासिका, आमची झोपायची खोली, मुलांची खोली आणि बाथरूम. बैठक मोठी म्हणून तिला दोन लूप (जाऊन परत येणारा अखंड पाइप म्हणजे एक लूप), बाकीच्यांना एकेक, म्हणजे एकूण आठ लूप. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर आपापला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे ऊब मागणारा किंवा थांबवणारा स्विच, आणि पाणी तापवायला हीट पंप, म्हणजे बाहेरची ऊब आत ओढून आणणारं विजेचं यंत्र.

हे सगळं बसवून देणाऱ्याने सांगितलं होतं की ज्या खोलीत जेवढं तापमान हवं तेवढं लावा, बाकी यंत्रणा बघून घेईल. पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आलं की यंत्रणा काही बघत नाही. सकाळी उठावं तर बैठक गार, दुपारी बारा वाजता तिथेच स्वेटर काढावासा वाटे. अभ्यासिका कायम थंड. मुलांची खोली कायम गरम. बाथरूममध्ये थर्मोस्टॅटवरचं ज्योतीचं चिन्ह दिवसभर पेटलेलं आणि आत अंगावर काटा. हीट पंप दहा-बारा मिनिटं चाले, थांबे, पुन्हा सुरू होई. थंडीच्या मोसमात हा प्रकार सोसण्यापेक्षा मुळापासून समजून घ्यायचं मी ठरवलं. सातही खोल्या एका जागेवरून, एका स्क्रीनवरून सांभाळायच्या, असा तेव्हाचा बेत होता. काम संपलं तेव्हा सातांपैकी तीनच खोल्या प्रत्यक्ष नियंत्रणात उरल्या होत्या, आणि घर मात्र पहिल्यांदाच सगळीकडे सारखं उबदार होतं. ते कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण या विषयावर मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं.

पॅसेजमधल्या कपाटात मॅनिफोल्ड आहे. एकावर एक दोन आडव्या पितळी नळ्या. वरच्या नळीतून गरम पाणी आठ लूपना वाटलं जातं, खालच्या नळीत ते परत येतं. वरच्या नळीवर प्रत्येक लूपसाठी छोटी पारदर्शक काचेची नळी आहे, तिच्यात लाल खूण वरखाली होते आणि मिनिटाला किती लिटर पाणी वाहतंय ते दाखवते. खालच्या नळीवर प्रत्येक लूपच्या झडपेवर एकेक पांढरा अ‍ॅक्च्युएटर स्क्रूसारखा फिरवून बसवलेला. त्याच्या पोटात मेण आणि ते तापवणारा छोटा हीटर असतो. थर्मोस्टॅटने वीज दिली की मेण तापतं, फुगतं आणि झडपेची पिन मोकळी होते. हे व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. उघडताना माथ्यावरची निळी कडी हळूहळू वर येते. ती वर येताना पाहायला मला अजूनही आवडतं. साध्या मेणाच्या फुगण्यावर अख्ख्या घराची ऊब चालते. वीज गेली की मेण निवतं आणि झडप आपोआप बंद होते. काही अ‍ॅक्च्युएटर याच्या उलट, विजेशिवाय उघडे राहणारेही मिळतात. आपल्याकडे कोणते आहेत ते आधी पाहून ठेवावं, पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

थर्मोस्टॅटच्या आणि अ‍ॅक्च्युएटरच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा म्हणजे वायरिंग सेंटर. एखादी तरी खोली ऊब मागत असेल तर तो लूपमधून पाणी फिरवणारा पंप चालू करतो आणि हीट पंपाला निरोप देतो. कोणीच मागत नसेल तर दोन्ही बंद.

मी सुरुवात केली ती कोणती वायर कुठे जाते हे तपासण्यापासून. सगळे थर्मोस्टॅट खाली आणले, फक्त बैठकीचा चालू ठेवला, म्हणजे हीट पंपाला पाणी फिरवायला वाट राहील. मग एकेका खोलीचा थर्मोस्टॅट वर करून कपाटाशी येऊन उभी राहायची आणि कोणती कडी उचलली जाते ते पाहायची. स्वयंपाकघर बरोबर. पॅसेज बरोबर. मुलांच्या खोलीचा थर्मोस्टॅट २५ वर नेला आणि वाट पाहिली. चार मिनिटांनी ‘अभ्यासिका’ असं लिहिलेली कडी वर आली. अभ्यासिकेचा वर केला तर ‘मुले’ वर आली. दोन वायरींची अदलाबदल झाली होती.

याचा परिणाम किती वाईट होतो ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. अभ्यासिका गार पडते, तिचा थर्मोस्टॅट ऊब मागतो, झडप उघडते मुलांच्या खोलीची. मुलांची खोली तापते, म्हणून तिचा थर्मोस्टॅट बंद होतो आणि त्याने बंद राहते अभ्यासिकेची झडप. अभ्यासिका आणखी गारठते, आणखी मागते. दोन्ही खोल्या एकमेकींना टोकाला ढकलत राहतात. हिवाळाभर आम्ही अभ्यासिकेचा आकडा वाढवत होतो आणि मुलं पांघरुणं लाथाडत होती, ती या दोन वायरींमुळे. इलेक्ट्रिशियनने टर्मिनलवर वायरी बदलल्या, काम पाच मिनिटांचं. अ‍ॅक्च्युएटरना २३० व्होल्ट जातात, त्यामुळे त्या डब्यात परवानाधारक माणसानेच हात घालावा.

पण वायर बरोबर असली तरी पाइप बरोबर खोलीत जातो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी थर्मल कॅमेरा भाड्याने आणला. थंड पडलेल्या खोलीचा लूप उघडला की अर्ध्या-पाऊण तासात फरशीवर पाइपाची नागमोडी रेघ स्पष्ट उमटते. ते चित्र पाहून पाइप कुठून कुठे फिरलाय, किती अंतरावर टाकलाय, कपाटाखाली गेलाय का, सगळं कळतं. आमच्याकडे बहुतेक खोल्यांत पाइप १५ सेंटिमीटर अंतरावर आहेत, बाथरूममध्ये १० सेंटिमीटर. १५ सेंटिमीटर अंतर असेल तर दर चौरस मीटरला साधारण पावणेसात मीटर पाइप लागतो. म्हणजे १५ चौरस मीटरच्या झोपायच्या खोलीत १०० मीटर, ९ चौरस मीटरच्या अभ्यासिकेत ६० मीटर आणि ६ चौरस मीटरच्या पॅसेजमध्ये ४० मीटर. १६ मिलिमीटर व्यासाच्या पाइपाला एका लूपमध्ये १०० मीटरच्या फार पुढे जाऊ नये, हा सर्वसाधारण नियम आहे. बैठकीला दोन लूप का हेही त्यावरून उलगडलं.

यानंतर मोजमाप. आठही परतीच्या पाइपांवर आणि मुख्य जाणाऱ्या पाइपावर डीएस१८बी२० जातीचे तापमानाचे सेन्सर अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने घट्ट बसवले आणि वरून पाइपाचं फोमचं वेष्टण चढवलं. वेष्टण नसेल तर सेन्सर पाण्याऐवजी कपाटातली हवा मोजतो. हे सेन्सर स्वस्त असतात, प्रत्येकाला कारखान्यातूनच स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे सगळे एकाच तारेवर गुंफता येतात. ते एका ईएसपी३२ बोर्डाला (वायफाय असलेला चिमुकला संगणक) जोडले, त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकलं, आणि आकडे होम असिस्टंट या घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवले जाऊ लागले. अजून काहीही नियंत्रित करायचं नव्हतं, नुसतं पाहायचं होतं.

आलेखांनी बरंच सांगितलं. मूळ वेळापत्रकात रात्री १७ अंश आणि सकाळी सहापासून २१ अंश लावलेले होते. सकाळी सहाला सगळ्या झडपा एकदम उघडत, ४२ अंशांचं पाणी कोब्यात घुसे, आणि बैठकीची हवा २१ वर पोहोचायला साडेदहा वाजत. थर्मोस्टॅट बंद होई, पण खोलीचं तापमान चढतच राही. दुपारी २३.५. कारण तोवर कोब्यात भरलेली ऊब बाहेर पडायची थांबत नाही. उन्हात तापलेला कातळ सूर्य मावळल्यावरही गरम राहतो तसंच हे.

याचं गणित सोपं आहे. आमचा कोबा साडेसहा सेंटिमीटर जाड, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १३० किलो. तो एक अंशाने तापवायला साधारण ३६ वॅट-तास लागतात. रात्री फरशी तीन अंश उतरली तर ती परत वर आणायला दर चौरस मीटरला १०० हून जास्त वॅट-तास. पाण्यातून चौरस मीटरला ४० वॅट मिळत असतील आणि त्यातला एकही खोलीला दिला नाही असं धरलं, तरी नुसती फरशी सावरायलाच अडीच तासांहून जास्त लागतात. खोली तापायची ती त्यानंतर. रेडिएटरच्या घरात रात्री तापमान उतरवून सकाळी चढवणं जमतं. जाड कोब्याच्या घरात त्या वेळापत्रकाला काही अर्थ राहत नाही. मी ते काढून टाकलं आणि चोवीस तास एकच आकडा ठेवला.

पुढचं काम होतं प्रवाहाचं संतुलन, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. पाणी सोप्या वाटेने पळतं. पॅसेजचा ४० मीटरचा लूप आणि झोपायच्या खोलीचा १०० मीटरचा लूप एकाच नळीला जोडलेले असतील तर पॅसेजमधून धो धो पाणी जाणार आणि लांबच्या लूपला थेंबथेंब मिळणार. आमच्या काचेच्या नळ्यांत पॅसेजची लाल खूण तळाला टेकलेली होती आणि झोपायच्या खोलीची जेमतेम हललेली. बसवणाऱ्याने सगळे लूप पूर्ण उघडे ठेवून निरोप घेतला होता.

कोणाला किती पाणी द्यायचं याचा एक सुटसुटीत हिशोब आहे. मिनिटाला एक लिटर पाणी पाच अंश निवून परत आलं, की त्या खोलीत सुमारे ३५० वॅट पोहोचले. अभ्यासिकेला दोन बाहेरच्या भिंती आहेत, तिला चौरस मीटरला ५० वॅट धरले तर ४५० वॅट, म्हणजे मिनिटाला १.३ लिटर. बैठक २८ चौरस मीटर, ४० वॅटने ११२० वॅट, म्हणजे ३.२ लिटर, दोन लूपमध्ये १.६ आणि १.६. पॅसेजला बाहेरची भिंतच नाही, त्याला अर्धा लिटर पुष्कळ. असं सगळ्यांचं मिळून मिनिटाला सुमारे ११ लिटर झालं.

हे आकडे लावताना सगळ्या झडपा पूर्ण उघड्या असायला हव्यात आणि पंप एकाच गतीवर. एक लूप आवळला की बाकीच्यांचा प्रवाह वाढतो, त्यामुळे पहिल्या फेरीत काहीच जुळत नाही. चिकाटीने पुन्हा पुन्हा फिरावं लागतं, हळूहळू आकडे स्थिरावतात. पंपाला स्थिर दाबाच्या पद्धतीवर ठेवलं, म्हणजे पुढे एखादी झडप बंद झाली तरी इतर लूपमध्ये पाणी उसळत नाही. एका लूपची लाल खूण थरथरत होती आणि पाइपातून गुळगुळ आवाज येत होता. तिथे हवा धरली होती. बाकीचे लूप बंद करून त्या एकातून पाणी जोराने फिरवलं आणि टोकाच्या कॉकमधून हवा काढली तेव्हा ती खूण शांत झाली.

मग सगळ्यात फलदायी गोष्टीला हात घातला: पाण्याचं तापमान. आमच्याकडे बाहेर कसंही हवामान असो, पाणी ४२ अंशांनीच जायचं. हीट पंपात हवामानाप्रमाणे पाण्याचं तापमान बदलण्याची सोय होती, ती बंद ठेवलेली. ती चालू केली. बाहेर उणे पाच असेल तर ३५ अंश, बाहेर दहा असेल तर २६ अंश, मधे सरळ रेघ. तिथून दर दोन-तीन दिवसांनी एकेक अंश खाली-वर करत गेले. कोबा सुस्त असल्यामुळे आज केलेल्या बदलाचं उत्तर परवा मिळतं, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. या काळात सगळे थर्मोस्टॅट मुद्दाम २५ वर ठेवले होते, म्हणजे सगळ्या झडपा उघड्या. जी खोली जास्त तापे तिचा प्रवाह थोडा आवळायचा, जी गार राही तिचा सोडायचा. सगळ्याच खोल्या गार असतील तर पाण्याची रेघ वर न्यायची.

काही आठवड्यांनी असं झालं की थर्मोस्टॅट काहीही करत नव्हते, आणि बैठक, स्वयंपाकघर, पॅसेज तिन्ही २०.५ ते २१.५ च्या मधे होती. दुपारी ऊन आलं तरीही. मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं, म्हणून कारण शोधलं.

फरशी २३ अंश आणि खोली २० अंश असेल तर फरशी चौरस मीटरला सुमारे ३० वॅट देते. ऊन येऊन खोली २१ झाली की फरक तीनाचा दोन होतो आणि फरशी जेमतेम १९ वॅट देते. कोणताही थर्मोस्टॅट नाही, झडप हललेली नाही, आणि ऊब तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. फरशी जितकी कोमट, तितकं हे आपोआप सावरणं बळकट. पूर्वी ४२ अंशांच्या पाण्याने फरशी २८-२९ पर्यंत जायची, तेव्हा खोली एक अंशाने चढली तरी फरशीची ऊब फारशी घटत नव्हती. तिथे थर्मोस्टॅटला धावपळ करावी लागे आणि तो कोब्यामागे कायम काही तास मागे राही.

याच सुमारास बाबा राहायला आले होते. त्यांनी खाली वाकून लादीवर तळहात टेकला.

“हे चालू आहे ना गं? जमीन तर गार लागतेय.”

“चालू आहे बाबा. खोलीत थंडी वाजतेय का?”

“नाही, थंडी नाही वाजत. पण जमीन गार आहे.”

बाबांचं निरीक्षण अचूक होतं. तळहाताची त्वचा तिशीच्या आसपास असते, २३ अंशांची लादी तिला गारच लागणार. चांगलं उष्णतारोधन असलेल्या घरात फरशीखालचं हीटिंग नीट चालू असतं तेव्हा जमीन पायाला गरम लागत नाही. पायाला गरम फरशी हवी असेल तर पाणी जास्त तापवावं लागतं आणि मग खोली उकडते. ज्यांना ती ऊबच आवडते त्यांच्याशी माझा वाद नाही, पण हीट पंपाच्या बाबतीत पाण्याचा प्रत्येक चढता अंश कार्यक्षमतेतून साधारण दोन ते तीन टक्के खातो, हे लक्षात ठेवावं.

आता हीट पंप सतत चालू-बंद का होत होता, त्याबद्दल. अभ्यासिका एकटी ऊब मागते तेव्हा तिच्या लूपमधून मिनिटाला १.३ लिटर पाणी जातं आणि ती ४५० वॅट घेते. हीट पंपाला मात्र मिनिटाला किमान ६ लिटर प्रवाह हवा, असं त्याच्या पुस्तिकेत आहे, आणि कितीही हळू चालला तरी तो दीड-दोन किलोवॅट बनवतोच. ती ऊब जाणार कुठे? पाणी झटकन तापतं, यंत्र थांबतं, पाणी निवतं, यंत्र पुन्हा सुरू होतं. प्रत्येक सुरुवात काँप्रेसरच्या आयुष्यातून वजा होते. लोक यावर मधे एक पाण्याची टाकी बसवतात, किंवा दाब वाढला की उघडणारी बायपास झडप लावतात. दोन्ही चालतं. पण आमच्याकडे त्याहून सोपा उपाय होता: ज्या खोल्यांना कधीच बंद व्हायची गरज नाही त्यांचे अ‍ॅक्च्युएटर काढूनच टाकायचे. बैठक, स्वयंपाकघर, पॅसेज आणि बाथरूम यांच्या झडपा आता कायम उघड्या आहेत, आणि त्यांचे थर्मोस्टॅट २५ वरच असल्यामुळे वायरिंग सेंटर पंप बंद करत नाही. चारही मिळून साडेसहा लिटरच्या जवळपास प्रवाह होतो, म्हणजे यंत्राची किमान गरज त्यातच भागते.

उरल्या अभ्यासिका, झोपायची खोली आणि मुलांची खोली. इथे खरोखर नियंत्रण लागतं. अभ्यासिकेत दक्षिणेची मोठी खिडकी, आम्हाला झोपायला जरा गार आवडतं, आणि मुलांच्या खोलीत दार बंद करून तीन-चार मुलं जमली की तापमान आपोआप चढतं. वायरिंग सेंटर तसंच ठेवलं, फक्त या तीन थर्मोस्टॅटच्या जागी तीन रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच, आले. रिले ईएसपी३२ चालवतो, खोलीचं तापमान छोट्या बिनतारी सेन्सरकडून येतं. सेन्सर दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, ऊन आणि दाराचा झोत टाळून लावले. झोपायच्या खोलीतला जुना थर्मोस्टॅट टीव्हीच्या बरोब्बर वर होता, तो बिचारा टीव्हीचं तापमान मोजत होता.

रिले कसा चालवायचा यात थोडा विचार लागला. साधी पद्धत अशी की तापमान ठरलेल्या आकड्याच्या ०.३ अंश खाली गेलं की चालू, ०.३ अंश वर गेलं की बंद. होम असिस्टंटमधल्या साध्या थर्मोस्टॅटला हेच आकडे मुळात लावलेले असतात. कोब्याच्या फरशीवर त्याने खोली दिवसभर लांब झोके घेते, कारण बंद म्हटल्यावरही ऊब येतच राहते. त्याऐवजी मी तासाचे तुकडे पाडले. खोली किती मागे आहे त्यावरून तासातली किती मिनिटं झडप उघडी ठेवायची ते ठरतं. तीस टक्के हवं तर १८ मिनिटं. मेणाला उघडायलाच तीन-पाच मिनिटं लागत असल्यामुळे दहा मिनिटांहून छोटा तुकडा देत नाही, तो पुढच्या तासात मिळवते. तीन खोल्यांचे तास वीस-वीस मिनिटांनी पुढेमागे ठेवले आहेत, म्हणजे तिन्ही झडपा एकदम उघडत नाहीत आणि हीट पंपावरचा भार सपाट राहतो. या छोट्या बदलाने आलेख इतका गुळगुळीत झाला की पहिल्या दिवशी सेन्सर बंद पडला की काय असं वाटलं.

झोपायच्या खोलीला मी १७ अंश लावून पाहिले. ती १९ च्या खाली उतरतच नाही, लूप दिवसभर बंद ठेवला तरी. आतल्या भिंतींमध्ये उष्णतारोधन नसतं, शेजारच्या २१ अंशांच्या खोल्या तिला ऊब देत राहतात. चांगल्या बांधलेल्या घरात खोल्याखोल्यांत दीड-दोन अंशांपलीकडे फरक ठेवणं झोनच्या हाती नाही. तो हवा असेल तर खिडकी किंवा दार, हेच उपाय.

बिघाड झाला तर काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. आमच्याकडे ईएसपी३२ मेला तर तीन झडपा बंद होतात, बाकी घर उबदार राहतं, कारण त्या चार खोल्यांचा संगणकाशी संबंधच नाही. हीट पंप स्वतःच्या सेन्सरवर आणि स्वतःच्या रेघेवर चालतो. इंटरनेट, राउटर, होम असिस्टंट, यातल्या कशावरही घराची ऊब अवलंबून ठेवलेली नाही. ज्यांच्याकडे पाणी तापवायला बॉयलर आहे त्यांनी मिक्सिंग व्हॉल्व्हनंतरच्या (गरम पाण्यात परतीचं निवलेलं पाणी मिसळणाऱ्या झडपेनंतरच्या) पाइपावर पंप थेट तोडणारा, सॉफ्टवेअरशिवाय चालणारा तापमानरक्षक जरूर बसवावा. कोब्यात पाइपाभोवतीचं तापमान ५५ अंशांच्या वर जाऊ नये, आणि मिक्सिंग व्हॉल्व्ह अडकला तर बॉयलर ते सहज ओलांडू शकतो. लाकडी जमिनीला तर पृष्ठभागावर २७ अंशांची मर्यादा सर्रास सांगतात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दहा मिनिटं झडपा उघडून बंद करायचा कार्यक्रमही लावला आहे, नाहीतर पिना जागच्या जागी चिकटतात.

बाथरूमचं मात्र फरशीवर भागत नाही. तिथे २३-२४ अंश हवेत. ईएन १२६४ या युरोपीय मानकात राहण्याच्या भागात फरशी २९ अंशांपर्यंत आणि बाथरूममध्ये ३३ पर्यंत चालते, पण आमच्या ३० अंशांच्या पाण्याने फरशी २७ च्या वर जाणार नाही. शिवाय शॉवर आणि कमोडखाली पाइपच नाहीत, त्यामुळे पाच चौरस मीटरपैकी उपयोगाची जागा आणखी कमी. फक्त त्या एका खोलीसाठी सगळ्या घराचं पाणी आठ-दहा अंशांनी वाढवायला मी तयार नव्हते. टॉवेल वाळवायचा छोटा विजेचा रॅक बसवला, तो आंघोळीआधी अर्धा तास लागतो आणि बंद होतो.

अभ्यासिकेचं काम अजून चालू आहे. थंड पण निरभ्र दिवशी सकाळी नऊपर्यंत लूप चालला तर अकराला खिडकीतून ऊन येतं आणि खोली २३ ला जाते. फरशीचं आपोआप सावरणं एवढ्या मोठ्या काचेला पुरत नाही. म्हणून सध्या हवामानाच्या अंदाजात ऊन दिसलं की पहाटे चारपासून त्या लूपची मिनिटं निम्मी करते. निम्मी पुरतात की पूर्ण बंद करायला हवा, ते दिवसागणिक तपासतेय.

ज्यांचा कोबा अजून ओतायचा आहे त्यांना एवढंच सांगेन, की पाइप टाकून झाले की प्रत्येक खोलीचे फोटो काढा, मोजपट्टी जमिनीवर ठेवून. प्रत्येक लूपची लांबी लिहून घ्या. फरशीच्या सेन्सरसाठी दोन पाइपांच्या मधे एक रिकामी नळी पुरून ठेवा, सेन्सर पुढेही घालता येईल. दाबाची चाचणी ४ ते ६ बारवर होते, आणि कोबा ओततानाही पाइपांत दाब ठेवलेला असावा, म्हणजे फावडं लागलं तर लगेच कळतं. सिमेंटच्या कोब्याला २१ दिवस होण्याआधी हीटिंग चालू करू नका, जिप्समच्या कोब्याला निदान ७ दिवस. पहिले तीन दिवस पाणी २०-२५ अंशांवर, मग चार दिवस पूर्ण ठरलेल्या तापमानावर. आणि लाद्या बसवण्याआधी, पाण्याने घर तापलेलं असताना, एकेक थर्मोस्टॅट वर करून कोणत्या लूपची कडी उचलली जाते ते बसवणाऱ्याला समोर उभं करून तपासून घ्या.